नामदेवरायांचा पतंग आणि मुलांची पुस्तके

दुधाची वाटी घेऊन विठ्ठलापुढे उभा राहिलेला लहानगा नाम्या आपल्या घरातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. दामाशेटी गावाला गेलेले, नैवेद्याची पाळी नाम्यावर आलेली, आणि देव दूध पीत नाही म्हणून पोर रडवेले झालेले. ही गोष्ट ऐकतच आपण मोठे झालो. पण हीच गोष्ट अमृतसरच्या एखाद्या शीख मुलालाही त्याच्या धर्मग्रंथातून भेटते, हे आपल्यापैकी किती जणांनी आपल्या मुलांना सांगितले आहे? श्री गुरू ग्रंथसाहिबात नामदेवरायांची ६१ पदे आहेत. त्यांत हे दुधाचे पद आहे, देऊळ फिरल्याचे पद आहे, आणि ‘बीठल’ या नावाने आपला विठ्ठलही आहे. आपले सेना महाराज ‘सैन भगत’ म्हणून एका पदाने तेथे आले आहेत. पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यात घुमान येथे ‘बाबा नामदेव’ म्हणून नामदेवरायांचे स्थान आहे. २०१५ साली अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली तेथे भरले, तेव्हा हा संबंध पुन्हा एकदा सर्वांसमोर आला.

एवढे असूनही आपल्या मुलाला ‘शीख म्हणजे कोण?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा पगडी, तलवार आणि सैन्यातला जवान एवढ्यावर थांबते. कधी कधी तर त्यांच्यावरचे थिल्लर विनोद तेवढे त्याला पाठ असतात. ज्या ग्रंथापुढे आपल्या नामदेवांच्या शब्दांसकट कोट्यवधी माणसे रोज माथा टेकवतात, त्या ग्रंथाच्या लेकरांविषयी आपल्या घरात विनोद चालावेत, ही साधी चूक नव्हे. दोष मुलांचा नाही. त्यांच्या हाती आपण काय दिले, हे पाहिले पाहिजे. म्हणून मुलांना शीख परंपरा शिकवण्याची जी साधने आज सहज मिळतात, म्हणजे चित्रकथा, गोष्टींची पुस्तके, चित्रपट आणि शाळेतले कार्यक्रम, त्यांचा वारकऱ्याच्या नजरेने थोडा विचार येथे करायचा आहे.

प्रथम गोष्टींचाच विचार करू, कारण मुलाला धर्म भेटतो तो गोष्टीतून. शीख परंपरेत गुरू नानकदेवांच्या गोष्टींना ‘साखी’ म्हणतात आणि त्यांच्या संग्रहांना ‘जनमसाखी’. गुरू नानकदेवांचा काळ १४६९ ते १५३९. साख्या लिहिल्या गेल्या त्या नंतर. १७३३ साली तयार झालेली एक सचित्र जनमसाखी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. चित्रांवरून गोष्ट सांगण्याची रीत शीख समाजात किती जुनी आहे, हे तिच्यावरून कळते. आपल्याकडे ताहराबादच्या महिपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ पूर्ण केला, त्याच जातीचे हे वाङ्मय. दोन्हींत इतिहास शोधायला जाणारा माणूस सालांच्या हिशेबात अडकतो, आणि दोन्ही खोटे म्हणून टाकून देणारा त्याहून जास्त गमावतो. साखी सांगणाऱ्याला आपले गुरू कसे होते हे सांगायचे असते. ते सांगण्यासाठी तो चमत्कार वापरतो, कीर्तनकार दृष्टान्त वापरतो तसा.

तेव्हा मुलांच्या पुस्तकाची पारख करताना त्यात चमत्कार आहे की नाही, हे मी पाहत नाही. पुस्तक मुलाला चमत्कारापाशीच सोडून देते, की त्याच्या पलीकडे नेते, हे मी पाहतो.

एक उदाहरण घेऊ. आठवे गुरू हरिकृष्ण १६६१ साली गादीवर आले तेव्हा ते पाच वर्षांचे होते. दिल्लीला जाताना अंबाल्याजवळ पंजोखरा येथे लालचंद नावाच्या एका पंडिताने त्यांना आव्हान दिले, अशी साखी आहे. नाव हरिकृष्ण, म्हणजे श्रीकृष्णाची बरोबरी. मग गीतेचा अर्थ सांगून दाखवा. बालगुरूंनी उत्तर दिले की, मी सांगितला तर तुम्ही म्हणाल पाठ केला असेल. तुम्हीच गावातला कोणीही माणूस आणा. पंडिताने छज्जू नावाच्या अडाणी पाणक्याला आणले. गुरूंनी त्याच्यावर कृपादृष्टी केली आणि तो गीतेचा अर्थ सांगू लागला.

ही गोष्ट वाचताच वारकऱ्याला पैठण आठवते. ज्ञानोबा माउलींनी रेड्याच्या मुखी वेद वदवले, ती कथा आणि ही साखी सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: ज्ञानावर अधिकार कोणाचा? दोन्हीकडे विद्येचा ताठा विचारणा करतो, आणि उत्तर त्याच्या तोंडून येते ज्याला तोंड आहे असेच कोणी मानले नव्हते. पण मुलांच्या पुस्तकांत ही साखी बहुधा जादूच्या प्रयोगासारखी संपते. पाणक्या बोलला, पंडित थक्क झाला, गुरूंचा जयजयकार झाला, पान उलटा. छज्जू रोज पाणी भरत होता, त्याच्याशी कोणी दोन शब्द बोलत होते का, त्याला कोणी अक्षर शिकवले होते का, हे विचारायला पुस्तक मुलाला थांबू देत नाही. खरे सांगायचे तर रेड्याची गोष्ट सांगताना आपणही हेच करतो. आपल्या बालसंस्कार वर्गातल्या मुलांना रेडा वेद बोलला हे माहीत असते. तो का बोलला, हे विचारले की शांतता पसरते.

याउलट भाई लालोंची साखी मुलांच्या पुस्तकांत चांगली उतरते, कारण तिचा अर्थ गोष्टीबाहेर काढताच येत नाही. गुरू नानकदेव सैदपुरात लालो नावाच्या सुताराच्या घरी उतरले. गावचा धनवान मलिक भागो याने मोठी मेजवानी घातली. गुरू तेथे गेले नाहीत. जाब विचारला तेव्हा त्यांनी एका हातात लालोची जाडीभरडी भाकरी आणि दुसऱ्या हातात भागोचे पक्वान्न घेऊन दोन्ही पिळली. एकातून दूध आले, दुसऱ्यातून रक्त. येथे चमत्कार हाच अर्थ आहे. सात वर्षांचे पोरही ही गोष्ट ऐकून आपल्या ताटातल्या भाकरीकडे पाहते. शीख परंपरेत साध्या माणसासाठी तीन गोष्टी सांगितल्या जातात: कष्ट करून खाणे, नाम जपणे आणि वाटून खाणे. त्यांपैकी पहिली आणि तिसरी या एका साखीत आल्या आहेत. मुलांच्या पुस्तकात एकच साखी घ्यायची असेल, तर मी ही घेईन.

आता चित्रकथा. अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. पुढे तिच्यात गुरू नानकदेव, गुरू तेगबहादूर आणि गुरू गोविंदसिंह यांचेही अंक आले. ज्या घरात दुसरे पुस्तक येत नव्हते तेथेही हे अंक पोहोचले. महाराष्ट्रातल्या किती तरी मुलांना शीख गुरूंची पहिली ओळख त्यांनीच करून दिली, ही त्यांची मोठी सेवा मानली पाहिजे. पण चित्रकथा या प्रकाराची एक अडचण आहे. तिला घडामोड लागते. चौकटीत घोडा धावताना दाखवता येतो, तलवार उपसलेली दाखवता येते. माणूस गातो आहे हे दाखवायचे तर उघडे तोंड आणि शेजारी शब्दांचा फुगा, याहून जास्त काही करता येत नाही. गुरू नानकदेव तर गाणारे होते. त्यांची वाणी रागांत बांधलेली आहे आणि ग्रंथसाहिबाची मुख्य रचना रागांच्या अनुक्रमाने केलेली आहे. अशा गुरूंचे चरित्र मूकपणे सांगायचे, म्हणजे टाळमृदंगावाचून दिंडी काढण्यासारखे आहे. माणसे चालतात, पण वारी होत नाही.

या मूकपणात सर्वांत जास्त हानी होते ती भाई मरदाना यांची. मरदाना हे मुसलमान घरातले, रबाब वाजवणारे. गुरू नानकदेव दूरदूर फिरले तेव्हा ते त्यांच्याबरोबर होते. गुरू गात आणि मरदाना रबाबावर साथ करीत. आपल्या भाषेत सांगायचे तर ते त्या पहिल्या कीर्तनाचे मृदंगी. साख्यांत त्यांना भूक लागल्याचे प्रसंग आहेत, आणि मुलांना ते आवडतात. पण कितीदा पुस्तकांत तेवढेच मरदाना उरतात: सतत भुकेला, थोडा बावळट, हसवणारा सोबती. वाद्य हातात दिसते, त्याचा आवाज हरवतो. मुलाला गुरूंच्या जवळचा माणूस विनोदी पात्र वाटू लागला, की कीर्तन हे काम दोघांचे होते, आणि त्या दोघांची घरे दोन धर्मांची होती, ही गोष्ट त्याच्या हातून निसटते.

असेच १६९९ च्या बैसाखीचे होते. आनंदपुरात गुरू गोविंदसिंहांनी शीर मागितले, एकामागून एक पाच जण उठले, आणि खालशाची स्थापना झाली. चित्रकार तंबू रंगवतो, तलवार रंगवतो. पण ते पाच ‘पंज प्यारे’ कोण, कोठले, हे पुष्कळदा एका ओळीत उरकले जाते. परंपरा त्यांची नावे, गावे आणि कामधंदे सांगते: लाहोरचे दयाराम, हस्तिनापूरचे धरमदास, जगन्नाथपुरीचे हिंमतराय, द्वारकेचे मोहकमचंद आणि बिदरचे साहिबचंद. हिंमतराय पाणी भरणाऱ्या समाजातले, मोहकमचंद छिपा आणि साहिबचंद नाभिक. छिपा म्हणजे कापडावर छपाई करणारा. ग्रंथसाहिबातही नामदेवरायांची ओळख छिपा अशीच येते. नामदेवांचा आणि सेना महाराजांचा कामधंदा करणारी माणसे त्या दिवशी पुढे झाली. बिदर तर आपल्या उंबऱ्यापलीकडचे. एवढे एक पान नीट लिहिले असते, तर मराठी मुलाला खालसा म्हणजे दूरच्या कोणाची फौज वाटली नसती.

आता सर्वांत नाजूक विषय. गुरू गोविंदसिंहांच्या चार पुत्रांचे, साहिबजाद्यांचे, बलिदान. अजितसिंह आणि जुझारसिंह चमकौरच्या लढाईत पडले. नऊ वर्षांचे जोरावरसिंह आणि त्यांच्याहूनही लहान फतेहसिंह यांना सरहिंदला भिंतीत चिणण्यात आले. परंपरा हा काळ १७०४ च्या डिसेंबरचा मानते. यावर २०१४ साली हॅरी बवेजा यांनी ‘चार साहिबजादे’ हा संगणकीय चित्रपट काढला. गुरूंचे सोंग नटाने घेणे शीख समाजाला मान्य नाही, म्हणून ही वाट निवडली गेली, आणि ती मर्यादा पाळणे योग्यच होते. २०२२ पासून २६ डिसेंबर हा ‘वीर बाल दिवस’ म्हणून शाळाशाळांत साजरा होतो. त्यामुळे आज मराठी मुलाला शीख धर्माची जी एक गोष्ट हमखास कळते, ती ही आहे. म्हणून ती कशी सांगितली जाते, याची जबाबदारी मोठी आहे.

पहिली गोष्ट नावाची. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने या दिवसाच्या नावाला हरकत घेतली होती. ‘साहिबजादे शहादत दिवस’ म्हणावे, असे तिचे म्हणणे. बाहेरच्याला हा शब्दांचा खल वाटेल. वारकऱ्याला वाटू नये. शीख समाज त्या लहानग्यांना ‘बाबा जोरावरसिंह’, ‘बाबा फतेहसिंह’ म्हणतो. वयाने बालक, पण मान वडिलांचा. आपणही मुक्ताबाईला ‘मुक्ताई’ म्हणतो आणि ऐन तारुण्यात समाधी घेणाऱ्या ज्ञानदेवांना ‘माउली’ म्हणतो. उद्या कोणी माउलींच्या नावाने ‘हुशार मुलगा दिवस’ साजरा करू लागला, तर आपल्याला कसे वाटेल? परंपरेने ज्याला ज्या नावाने हाक मारली, त्या नावानेच मुलाला ते शिकवावे. परक्याच्या घरी गेल्यावर तेथल्या आजीला तिची नातवंडे मारतात तीच हाक आपणही मारतो, तसे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. हा प्रसंग जेव्हा स्नेहसंमेलनातल्या पाच मिनिटांच्या नाटुकल्यात बसवला जातो, तेव्हा त्यात दोनच बाजू उरतात, आणि मुलाच्या मनात एका सबंध समाजाविषयी राग बसतो. शीख परंपरेने ही कथा अशी सांगितलेली नाही. तिच्या सांगण्यात मुले आणि आजी माता गुजरी यांना पकडून देणारा त्यांच्याच घरचा स्वयंपाकी गंगू आहे. सरहिंदच्या दरबारात शिक्षेसाठी भर घालणारा दिवाण सुच्चानंद आहे. आणि त्याच दरबारात उठून ‘लेकरांचा यात काय गुन्हा?’ असा निषेध करणारा मालेरकोटल्याचा नवाब शेर मुहंमद खान आहे. तो गुरूंच्या विरुद्ध लढलेला होता, तरी हा अधर्म त्याला सोसला नाही. शीख समाजाने त्याचा तो शब्द आजवर जपला आहे. १९४७ च्या फाळणीत सारा पंजाब पेटला असताना मालेरकोटला शांत राहिले, आणि त्याचे कारण लोक त्या एका उद्गारात पाहतात. थंडीच्या बुरुजात कैद असलेल्या आजीला आणि नातवंडांना दूध पोहोचवणारे मोतीराम मेहरा याच कथेत आहेत. नाटुकले लिहिताना सर्वांत आधी गळतात ती ही माणसे. ती गळली की उरते ते केवळ क्रौर्य. क्रौर्य ऐकून मूल रडते, चिडते. शहाणे होत नाही.

याच गुरूंच्या काळातली भाई कन्हैया यांची गोष्ट म्हणून सोबत सांगितली पाहिजे. आनंदपुरच्या लढायांत ते जखमींना पाणी पाजत आणि शत्रूच्या जखमींनाही पाजत. तक्रार गुरूंपर्यंत गेली. कन्हैया म्हणाले, मला सर्वांच्या मुखात आपणच दिसता. गुरूंनी त्यांना शिक्षा केली नाही. जखमांना लावायला मलम दिले. तहानलेल्या गाढवाला गंगेची कावड पाजणारे नाथ ज्या मुलाला माहीत आहेत, त्याला ही गोष्ट एका वाक्यात कळेल. तलवार आणि पखाल, दोन्ही एकाच परंपरेची आहेत. मुलांच्या हाती एकटी तलवार देऊ नये.

येथवर पुस्तकांचे दोष झाले. आता आपला स्वतःचा एक दोष. शीख परंपरेविषयी बोलताना आपण फार लवकर ‘ते आपलेच’ म्हणून मोकळे होतो. नामदेव त्यांच्या ग्रंथात आहेत, म्हणजे शीख धर्म ही आपलीच एक फांदी, असे भाषण पुष्कळदा ऐकू येते. त्यात प्रेम असेल, पण मुलाला ते शिकवू नये. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा नामदेव, कबीर, रविदास, शेख फरीद यांची वाणी आपल्या गुरूंच्या वाणीशेजारी त्यांनी बसवली. ही त्यांची निवड होती, त्यांचे औदार्य होते. १७०८ साली नांदेडला, गोदातीरी, दहावे गुरू गोविंदसिंह यांनी यापुढे ग्रंथ हाच गुरू असे सांगितले. तेव्हापासून १४३० पानांचा तो ग्रंथ शिखांसाठी पुस्तक नाही, साक्षात गुरू आहे. पहाटे त्याचा ‘प्रकाश’ होतो, रात्री त्याला ‘सुखासन’ देतात, त्याच्यावर चवरी ढाळतात. गुरुद्वाऱ्यात मूर्ती नसते. आपण विटेवरच्या सावळ्या रूपाकडे डोळे भरून पाहतो. ते शब्दाकडे कान देतात. हा फरक आहे, आणि तो मुलाला सांगितला पाहिजे. शेजाऱ्याचे घर आपल्यासारखेच असावे असा हट्ट धरला, तर ते घर कधी नीट पाहिलेच जात नाही.

मग मुलाला द्यायचे काय? माझ्या मते या साऱ्या साधनांत ज्याची उणीव आहे, ते साधन ग्रंथसाहिबातच आहे, आणि ते नामदेवरायांनी मुलांसाठीच लिहिले असावे असे वाटते. रामकली रागातले ते पद. त्याचा भाव असा: मुलाने कागद आणला, कापला, पतंग केला आणि आभाळात सोडला. सवंगड्यांशी त्याच्या गप्पा चालल्या आहेत, पण चित्त दोरीत आहे. मुली नदीवरून घागरी भरून आणतात, हसतात, थट्टा करतात, पण चित्त घागरीत. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरात. आई बाळाला पाळण्यात निजवून घरात-दारात कामे करते, चित्त बाळात. तसे माझे मन नामाशी जडले आहे, असे नामदेव त्रिलोचनांना सांगतात. त्याच ग्रंथात कबीरांच्या वाणीत या दोघांचा आणखी एक संवाद येतो. त्रिलोचन विचारतात, नामदेवा, कापड छापत काय बसलास, देवाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेवांचे उत्तर असे की, हातपाय कामात आणि चित्त निरंजनात.

पतंग उडवणाऱ्या मुलाला याहून वेगळे काय समजवायचे? यात चमत्कार नाही, शत्रू नाही, रक्त नाही. नाम म्हणजे काय, हे मुलाच्या बोटाला जाणवणाऱ्या दोरीच्या ताणातून त्याला कळते. पुन्हा हे पद दोन्ही घरांचे. शीख मुलासाठी ती गुरुवाणी, वारकरी मुलासाठी ते नामदेवरायांचे बोल. तरीही मुलांसाठीची जी पुस्तके आपल्या दुकानांत मिळतात, त्यांत गुरूंचे शौर्य पानोपानी आणि असे एखादे पद मात्र क्वचित. आपल्याकडेही नामदेवांच्या गाथ्याच्या आवृत्त्यांत हिंदी पदे शेवटच्या पानांत असतात, आणि तेथवर आपला हात जात नाही.

म्हणून बालसंस्कार वर्ग चालवणाऱ्या माउलींना काही सुचवावेसे वाटते. संक्रांतीच्या सुमारास एक दिवस मुलांना पतंग घेऊन बोलवा. आधी उडवू द्या. मग दोरी हातात असतानाच विचारा, बोलताना तुझे लक्ष कुठे होते? नंतर हे पद गुरुवाणीच्या गायकाच्या आवाजात ऐकवा. भाषा सगळी कळली नाही तरी चालेल. हरिपाठ पाठ केला तेव्हा आपल्याला तरी कुठे सगळा कळला होता? सूर आधी आत जातो, अर्थ मागून चालत येतो. वारकरी मूल टाळ धरायला शिकते ते पुस्तक वाचून नव्हे, मोठ्यांच्या पायांत पाय टाकून. दुसऱ्याची परंपराही मुलाला अशीच, कानातून आणि पायांतून भेटू द्यावी.

शक्य असेल त्यांनी मुलांना नांदेडला न्यावे. सचखंड हजूर साहिब आपल्याच महाराष्ट्रात आहे, आणि नामदेवरायांची म्हणून पूजली जाणारी नरसी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. जोडे काढून, हातपाय धुऊन, डोक्याला रुमाल बांधून मुलाला आत नेताना सांगावे की, या ग्रंथात आपले नामदेव आहेत, पण हे घर त्यांचे आहे. ते करतील तसे करायचे. मग लंगरच्या पंगतीत जमिनीवर बसवावे. शेजारी कोण बसले आहे, हे पाहू द्यावे. प्रसाद दोन्ही हातांत घ्यायला शिकवावे. जेवण झाल्यावर ताटे घासण्याच्या किंवा जोडे सांभाळण्याच्या सेवेत घटकाभर बसू द्यावे. दुसऱ्याचे जोडे पुसणारा हात तेथे लहान-मोठा ठरत नाही. चित्रकथेच्या साऱ्या चौकटी मिळून जे सांगू शकत नाहीत, ते त्या घटकेत होते.

मात्र पंगतीतून उठताना मूल एक प्रश्न विचारील, त्याची तयारी ठेवावी. ‘आपल्याकडे पण असेच होते ना?’ तेव्हा देऊळ फिरल्याचे पद आठवावे. आनंदाने देवळात गेलेल्या नामदेवांना हीन जातीचा म्हणून धरून बाहेर काढले, हे त्या पदात आहे. आपण गोष्ट सांगताना देऊळ फिरले हे सांगतो आणि नामदेव बाहेर का होते, हे घाईने ओलांडतो. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर का आहे आणि विठ्ठलाच्या दारी सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण का करावे लागले, हेही मुलाला सांगावे. लाज वाटली तरी सांगावे. ज्या ग्रंथाने बाहेर काढलेल्या नामदेवांचे ते दुःख आपल्या गुरूंच्या वाणीशेजारी जपून ठेवले, त्याचे ऋण त्याशिवाय मुलाला कळणार नाही.

मुलांच्या हाती पुस्तके द्यावीत, चित्रपट दाखवावेत. मी कोणतेच साधन टाकून द्या म्हणत नाही. फक्त ते दिल्यावर शेजारी बसावे. चमत्कार आला की ‘का?’ विचारावे. लढाई आली की कन्हैयांची पखाल आणि नवाबाचा शब्द आठवून द्यावा. आणि पुस्तक मिटल्यावर पतंगाची दोरी त्याच्या हाती द्यावी. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी आपल्या नामदेवरायांनी ती सोडली, पंजाबाने ती जपून धरली. तिचे एक टोक अजून पंढरपुरात, पायरीपाशी आहे.

रामकृष्ण हरी.